शंभरातले दोन

ल्यूव्हनच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत मी तार गुंडाळते.
केसाएवढ्या साठ तारांचा एक पीळ,
पिळाचे वेढे, वेढ्यांवर वेढे,
एका कमरेच्या मापाने.

आजची कंबर ओरेस्ते कोलांजेलो यांची.
वय एकोणऐंशी, राहणार गेंक,
एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत.
रक्त कुठेतरी झिरपतंय, कुठे ते सापडत नाही.
वरून नळी घातली, खालून घातली,
मधलं सहा मीटर आतडं
नकाशावर कोरंच राहिलं.

"बॅटरी नाही हिच्यात?"
तळहातावरची गोळी उन्हात धरून ते विचारतात.
नाही, मी म्हणते. बॅटरीवाल्या आठ-दहा तासांत विझतात,
कधी मुक्कामाच्या अलीकडेच.
हिला बळ बाहेरून जातं, या पट्ट्यातून,
तार न लावता.

ते हसतात. "आठ तास म्हणजे एक पाळी.
आमचीही बॅटरी कमरेलाच असायची,
तिचं आम्ल पँट खायचं,
वायर पाठीवरून थेट टोपीतल्या दिव्यापर्यंत.
तुम्ही वायरच काढून टाकलीत होय?"
आणि पाण्याच्या दोन घोटांत
माझी तीन वर्षं गिळून टाकतात.

पट्ट्यातून मी शंभर देते,
आत पोहोचतात दोन.
(परिषदेत हा आकडा मी
जरा भरभर सांगते.)
उरलेले अठ्ठ्याण्णव तारेच्या उबेत जातात,
हवेत, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात,
थोडे त्यांच्या कातडीत,
म्हणून माझा एक डोळा तापमानावर.
ठरल्याहून जास्त ऊब द्यायचा
मला अधिकार नाही.

गोळी आत लोळते, कलंडते,
तिला वर-खाली ठाऊक नाही.
तीन दिशांना तोंड करून
तीन चिमुकली वेटोळी बसवलीत तिच्यात:
एकानं पाठ फिरवली तर दुसऱ्यानं झेलावं.
तरीही दोन वाजून दहा मिनिटांनी
पडदा काळा.

गोळा येतो तो माझ्या पोटात.
डाव्या कुशीवर वळा, मी म्हणते.
काळा.
गुडघे दुमडा, म्हणेपर्यंत त्यांनी दुमडलेले असतात.
हातभर उंचीच्या थरात कसं निजायचं
हे शरीर विसरलेलं नाही:
कोपर टेकून, मान आखडून,
एक खांदा भिंतीला लावून
ते थांबतात,

आणि उजेड येतो.

गुलाबी, ओली, लव असलेली भिंत.
भिंतीवर टाचणीच्या डोक्याएवढा
लाल.
"हे माझं?"
तुमचंच.
बराच वेळ बघतात, डोळे बारीक करून,
मग म्हणतात, "छत तरी पक्कं दिसतंय."

निघताना, शर्टाची बटणं लावता लावता
दिव्यांच्या खोलीचं सांगतात.
दिवा उचलला की त्याच्या खिळ्याला
आपला पितळी बिल्ला टांगायचा.
वर आलं की दिवा ठेवायचा, बिल्ला घ्यायचा.
पाळी सुटल्यावर खिळ्याला बिल्ला उरला
तर कुणीतरी अजून खाली आहे.
त्यांचा अकराशे सत्तेचाळीस.
एकदा शेजारचा अकराशे शेहेचाळीस
तीन दिवस तसाच लटकत होता.
पुढचं सांगत नाहीत, कोट मागतात.

मी कागदाच्या चिठोऱ्यावर ११४७ लिहून
पडद्याच्या कडेला चिकटवते.
अहवालात असल्या गोष्टींना रकाना नसतो.

परवा सकाळी सातला फोन वाजतो.
हातात नव्या पट्ट्याच्या तारेचं टोक,
सुटू नये म्हणून दातांत धरलेलं.
"वेर्ले, दिवा वर आला.
बिल्ला काढून घ्या."
मी चिठोरं काढते.
त्यांच्या मागे, पलीकडे,
टाकी भरत असल्याचा आवाज.