अर्धा कोयता

खिंडीची वाट आता कुणाला लागत नव्हती.
डांबरी सडक वळसा घालून जाते, एकोणीस किलोमीटर.
डोंगरावरून गेलं तर तीन बिड्यांचं अंतर.
मधल्या दहा-बारा वर्षांत वाटेनं अंग झाकून घेतलं:
घाणेरी, बोराटी, चिल्हार,
आणि सगळ्यांच्या डोक्यावर
कुणीच न पेरलेली वेडी बाभूळ.

कौसाकाकू म्हणाली, मथुरेकडं जायचंय.
म्हटलं, फोन लावून देतो बहिणीला.
म्हणाली, फोनात शेजारी बसता येतंय का?

मग आश्रुबानं कोयते शेवटून आणले बाजारातून.
घिसाडीण भाता ओढत म्हणाली,
औंदा लवकर निघालाव कारखान्याला?
न्हाई, डोंगर कापायचाय.
तिनं लोखंडाला पाणी पाजलं, चर्रर्र,
आणि पैसे मोजताना पुन्हा एकदा त्याच्या तोंडाकडं बघितलं.

आश्रुबाचे नियम:
खुंट तिरका सोडायचा नाही,
तिरका खुंट म्हणजे पेरून ठेवलेला भाला.
घाव नडगीपासून लांब.
काटेरी फांदी बुडाकडून ओढायची,
शेंड्याकडून ओढली की ती तुला ओढते.
आणि दोन कोयत्यांत
दोन कोयत्यांचं अंतर.

कौसाकाकू हसली.
तिच्या हिशेबात कोयता म्हणजे दोन माणसं,
नवरा-बायको,
मुकादमाच्या वहीत एका ओळीवर.
काका गेल्यावर त्या ओळीत ती
अर्धा कोयता.
अर्ध्याला उचल नाही, ट्रकात जागा नाही.
तीन सीझन तिचं हत्यार
आढ्याला खोचलेलं, कोळिष्टकात.

सकाळी दव असतानाच भिडलो.
मी डोळ्यांनी वाट शोधत होतो,
आणि दोनदा शेळ्यांच्या वाटेला लागलो,
एकदा रानडुकरांच्या.
काकूनं चपला काढल्या.
पायानं चाचपत म्हणाली, हितं हाय.
पाला सारला तर खरंच दगड,
मधोमध गुळगुळीत,
जात्याच्या पाळीसारखा झिजलेला.

ती पुढं, मी मागं.
खच. खच. डावा हात मूठ धरतो,
उजवा वाकतो, पाचट नसताना पाचट झटकतो.
बुडाशी इतकं साफ
की मुंगीला ठेच लागू नये.
आणि मी मागून येताना
कपाळावर फाडकन फांदी.
पुन्हा दहा पावलांवर, फाडकन.
रक्त पुसत बघितलं तर
तिनं कापलेली वाट
कमरेएवढ्या उंचीची होती.
बावीस वर्षं उसात वाकलेलं अंग
तेवढंच आभाळ मोकळं करत चाललेलं.

म्हटलं, काकू, वरचंबी काढा की.
तिनं वर बघितलं,
बाभळीकडं, जणू ती आत्ताच उगवली.
हात खांद्याच्या वर नेला,
तो तिथंच थरथरला थोडा,
आणि पहिला घाव हुकला.
दुसरा बसला.
पिवळी फुलं तिच्या पांढऱ्या केसांवर पडली,
ती तिनं झटकली नाहीत.
मग खालचं तिचं, वरचं माझं
असं न ठरवता ठरलं.
एका बोरीच्या आळ्यात होल्याची दोन अंडी होती.
तिथं वाट आम्ही हातभर वाकडी नेली.
आश्रुबा म्हणाला, ऱ्हाऊ द्या, वाकडीच बरी.

उन्हं कलताना खिंडीत पोचलो.
पलीकडचा उतार तसाच,
गच्च, काळा-हिरवा,
वाटेचं नावनिशाण नाही.
खाली मथुरेच्या गावची टाकी दिसत होती,
निळी, अंगठ्याएवढी.

आश्रुबानं तंबाखू मळली.
म्हणाला, आपली अर्धी झाली.
तिकडची त्यांच्या गावानं कापावी.
मी विचारलं, मथुरामावशीकडं कोयता हाय का?

काकू धारेवरचा चीक पदरानं पुसत होती.
अर्धा, म्हणाली.

मग कितीतरी वेळ आम्ही कान देऊन बसलो.
खालून कुठूनतरी शेळीची घंटा आली,
पंपाची मोटर आली,
खच असा आवाज काही आला नाही.
काकूनं चपला घातल्या, पुन्हा काढल्या,
पदर खोचला,
आणि त्या बाजूच्या पहिल्या घाणेरीला
बुडाशी वाकून
हात घातला.