बदलाचं कारण

फोन ध्वनिमुद्रित होतोय, हे मी आधी सांगते.
मग नाव. इडवल प्रॉसर. वय एकाहत्तर.
ब्लेनाव्हन, खाणीच्या रस्त्यावरचं शेवटून दुसरं घर.
गाडी फोर्ड काप्री, एक्क्याऐंशी सालची.
रंग?
‘होता लाल. आता त्याच्या आसपास.’

गाडीत काही बदल केलेत का?
‘इंजिनच बदललंय.’

स्वान्सीच्या या तिसऱ्या मजल्यावर
हे वाक्य मी रोज ऐकते.
पलीकडे बहुधा विशीतला कुणी असतो,
बेडकीचा बैल करून बसलेला,
आवाजाला सायलेन्सर नसलेला.
मी अश्वशक्ती विचारते, तो आकडा सांगतो,
पोराचे मार्क सांगावेत तसा.

प्रॉसर म्हणाले, तीन लिटरचं होतं, ते काढलं.
एक पॉइंट तीनचं बसवलं.
मला वाटलं, मी उलट ऐकलं.
पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.
एकशे अडतीस घोड्यांतले ऐंशीएक
त्यांनी डोंगरावर सोडून दिले होते.

आणि तिथंच आमचं घोडं पेंड खायला लागलं.
फॉर्मला फक्त वाढ ठाऊक.
बदलामुळे वाढलेली शक्ती, असा रकाना,
शून्याखालचं काही घेत नाही.
उणे ऐंशी लिहिलं की लाल होतो, लाजल्यासारखा.
त्याखाली : बदलाचं कारण. उघडणारी यादी.
वेग. देखावा. अपंगत्व. जाहिरात. इतर.

कारण सांगाल का, मिस्टर प्रॉसर?

लाइनवर थोडा वेळ नुसती किटली.
मग म्हणाले, डोळे गेले माझे, पोरी.
मधोमध ढग. कडेनं दिसतं.
कडेकडेनं गाडी चालवता येत नाही.
म्हणून नेस्टा शिकली. अडुसष्टाव्या वर्षी.
तीनदा नापास. चौथ्यांदा परीक्षकच दमला.
ते जुनं इंजिन तिच्या पायाखाली उसळायचं,
पेडलला नुसता बूट टेकला की डोंगर अंगावर.
विकून टाकू म्हणाली.
मी म्हटलं, गाडी राहील. घोडे जातील.

शेजारचा मेरेडिथ म्हणतो, वाटोळं केलंस.
खरं आहे त्याचं.
तीनदा खोलून तीनदा जोडलेलं माझ्या हातानं.
आता शेडमध्ये आहे, घोंगडीखाली.
त्याचाही विमा लागतो का?

निजलेल्याला नाही लागत, मी म्हटलं.
असं उत्तर आमच्या पुस्तिकेत नाही.

मुख्य चालक : नेस्टा प्रॉसर.
परवाना : सात आठवडे जुना.
आकडा वर आला, मी वाचून दाखवला.
चालत्या गाडीला खीळ म्हणतात, ती हीच.
ते हसायला लागले, खोकल्यापर्यंत.
म्हणजे इंजिन नव्हे, म्हणाले,
धोक्याचा भाग मी त्रेचाळीस वर्षांपूर्वीच बसवलाय.
मागून बाईचा आवाज : ऐकतेय मी.
किटली बंद झाली.

नियमाप्रमाणे फोटो मागवले, इंजिनाचे, चार बाजूंनी.
दुसऱ्या दिवशी पाच आले.
त्या भल्यामोठ्या खोबणीत ते छोटं इंजिन,
बापाच्या कोटात शिरलेल्या पोरासारखं,
दोन्ही बाजूंनी कोपरापर्यंत हात जाईल एवढी जागा.
पाचवा कुणी मागितला नव्हता.
चालकाची सीट पार पुढे ओढलेली, वर विणलेली उशी.
शेजारच्या सीटवर चपटी टोपी,
जागा धरून ठेवलेली.

मी ‘इतर’ निवडलं.
त्यापुढे वीस अक्षरं मावतात.
‘पत्नीसाठी’ लिहिलं. खोडलं.
‘डोळे’ लिहिलं. तेही खोडलं.
शेवटी उणे ऐंशी तिथं टाकलं, चिन्हासकट,
आणि साडेअकराला अभियंत्याकडे पाठवून दिलं.
तो फोन करील जेवणानंतर.
विचारील, टंकनात काही चूक आहे का.