बोगद्यानंतर वाजवा

बिश्केकच्या हॉलमध्ये माझं कोमुझ ऐकायला
अकरा माणसं आली होती.
त्यातली चार सासरची,
एक दिवे मालवायला थांबलेला रखवालदार.
लग्नात वाजवते तेव्हा लोक जेवतात.
तीन तारा, जर्दाळूचं लाकूड,
आणि समोर हाडं चोखल्याचा आवाज.

मग लोकरी मोजे विकले,
चाळीस पेनड्राइव्ह घेतले,
नखाएवढे, लाल,
आणि पहाटे पाचला स्टँडवर गेले,
जिथे ओशच्या गाड्या
माणसं भरेपर्यंत हलत नाहीत.
बारा तासांचा रस्ता, म्हटलं, एवढं एक लावाल?
ड्रायव्हर हसले.
एकाने विचारलं, लावायचे किती देणार?
मी बोरसोक दिले, तळलेले, अजून ऊन.

मेदेरबेकने मात्र ड्राइव्ह उलटासुलटा करून पाहिला,
विकत घ्यायच्या घोड्याचे दात बघावेत तसा.
त्याला मी अट घातली:
तो-अशूचा बोगदा संपला की लावायचं,
आधी नाही.
आधी रेडिओ असतो, फोन असतात,
कुणाची तरी मेहुणी कुणाशी तरी भांडत असते.
बोगद्यात सगळ्यांची रेंज एकदम मरते
आणि पलीकडे सूसामीरचं पठार उघडतं,
एवढं, की माणूस आपसूक गप्प बसतो.
त्या गप्प बसण्यात मला जागा हवी होती.
फुकटची जागा. भाडं मागायला तिथे कुणी येत नाही.

महिना गेला. दुसरा गेला.
गाणं असं सोडून देणं म्हणजे
नदीत अंगठी टाकायची
आणि खालच्या गावात विचारत फिरायचं,
मासे कसे दिलेत?

ऑक्टोबरात भाचीच्या पाळण्याला निघाले,
तोक्तोगुलच्या जलाशयाकाठी गाडी जेवायला थांबली.
मासे तळणारी बाई, सोनुनबूबू म्हणत होते तिला,
झारा हलवत गुणगुणत होती
माझं.
माझंच. पण तिसऱ्या मिनिटाला
जिथे मी उतरते, तिथे ती चढली,
मला कधी न सुचलेलं एक वळण घेतलं
आणि कढईच्या चुरचुरीत
अलगद येऊन टेकली.

शेवट चुकला तुमचा, मी म्हटलं.
राहवलं नाही.
"शेवट?" ती म्हणाली, "त्याला शेवट कुठाय?
मेदेरबेकच्या गाडीत ते मध्येच तुटतं. दर खेपेला.
मग ज्याचा त्याने लावायचा.
मेंढरंवाल्यांचा वेगळा आहे,
शिकायला निघालेल्या पोरींचा वेगळा,
एक म्हातारा तर नुसता खाकरतो
आणि म्हणतो, झालं.
हा माझा."

घरी येऊन तपासलं.
चाळीसच्या चाळीस अर्धवट.
घाईत मीच कॉपी पुरी होऊ दिली नव्हती.
केसं उपटावीत की पेढे वाटावेत, कळेना.

मेदेरबेक आता विचारतो, नवं कधी?
आणि दम भरतो:
पुरं करून आणलंस तर बघ,
प्रवासी मला गाडीतून उतरवतील.

हल्ली वाजवताना त्या जागी आले की
बोटं थबकतात.
माझा शेवट बरा होता. मी तो अकरा रात्री बसून बांधला होता.
तिचा जास्त बरा आहे.

त्या दिवशी माशाचे तिने पुरे पैसे घेतले.
मी कोण, ते सांगितलं नाही.