मास्टर किट

जुन्या गाडीचं गिऱ्हाईक मला उभं राहण्यावरून कळतं.
आत येत नाही.
उंबऱ्यावरूनच तुटका पार्ट दाखवतं,
डॉक्टरला जीभ दाखवावी तसा,
आणि विचारतं, "ह्यातलं चालू काय आहे?"

चालू.
बीडला नगर रोडच्या आमच्या रांगेत
हा शब्द दोन्ही अंगांनी चालतो.
जे चालतं ते चालू,
आणि जे चालूगिरीचं, तेही.

मी चार खोकी मांडतो. चारींवर एकच सिंह.
एकाचा होलोग्राम नखानं निघतो,
एकावर 'जेन्युइन'मधला न छापायचाच राहिलाय.
गिऱ्हाईक सिंहाकडे बघत नाही,
माझ्या ओठांकडे बघतं, आकडा कधी येतो म्हणून.

उत्रेश्वर पवळनं दोनशे दहावालं घेतलं.
चौऱ्याण्णव सालची चारशे सात, मंडपाचा धंदा,
तिथी अंगावर तिथी आलेली.
हनीफ मिस्त्रीनं रबरी कप चिमटीत दाबला,
म्हणाला, "रबर कच्चा दिखरा, सेठ."
मी म्हणालो, "एवढा सीझन निघतोय."

हे वाक्य मी रोज म्हणतो.
त्या आठवड्यात ते मांजरसुंब्याच्या घाटात जाऊन पोचलं.

नेकनूरचं लग्न उरकून गाडी बीडला उतरत होती.
दोनशे खुर्च्या, लोखंडी पाइप, दोन कढया,
कनातीच्या गठ्ठ्यांवर पेंगलेली तीन पोरं.
उत्रेश्वरनं पाय ठेवला
आणि पेडल खाली गेलं,
आवाज नाही, काही नाही,
अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि पायरीच नसावी, तसं.
परत दाबलं. परत.
हँडब्रेक होता,
पण गाडी घेतल्यापासून त्याला जेवणाचा डबा टांगायचे.

गिअर पाडला. इंजिन कोकललं.
मग त्यानं डोंगराची बाजू धरली
आणि गाडी दरडीला घासत, घासत, घासत
खुर्च्या सांडत चालली.
दिग्या मागून उडी टाकून पळत होता, हातात दगड.
चाकाखाली दगड बसला.
दगडासंगं उजव्या हाताची दोन बोटं.

कुणी मेलं नाही.
हे मी आधी सांगतो, कुणी विचारो न विचारो.

हनीफनं तो कप मला आणून दिला.
रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखा फुगलेला,
कडेला फाटलेला.
काही बोलला नाही. चहाही घेतला नाही.

तेव्हापासून काउंटरवर दोन बरण्या आहेत.
दोन्हींत ब्रेक ऑइल, एकीत हा कप, एकीत तो.
आठ दिवसांनी हा आहे तसाच,
त्याला गालगुंड झालेलं.
गिऱ्हाईक बरण्या बघतं, "भारीये की" म्हणतं,
आणि विचारतं, "ह्यातलं चालू काय आहे?"

परवा दिग्या आला.
आता धानोरा रोडच्या गॅरेजात असतो.
चिठ्ठीवर: चारशे सात, मास्टर किट, एक.
दोनशेची नोट, दहाचं नाणं,
तीन बोटांनी काचेवर सरकवलं.
"तेवढ्यात बसंल ते द्या म्हणले मालक."
बरण्यांकडे त्यानं पाहिलं नाही.

मी वरच्या फळीवरचं साडेचारशेचं काढलं.
त्यानं खोकं उलटून किंमत वाचली
आणि परत ठेवलं.
"माझ्या पगारातून कापतेत."
"वरचे मी भरतो," म्हणालो.
"किती गाड्यांचे?"

टोमणा नव्हता.
नट किती लागतील विचारावं, तसं विचारलं त्यानं.
बाहेर कुणीतरी ट्रॅक्स आडवी लावून हॉर्न धरलेला.
खालच्या फळीवर दोनशे दहावाली खोकी होती.
मी वळून बघितलं नाही.
सत्तावीस.