उजव्या मुठीचं रीळ

सानपाड्याच्या त्या गाळ्यात पुढे बेसिनचे नळ,
मागे पडद्याआड गळ.
मुकादम नळ विकतो पोटासाठी.
पडदा सारताना त्याचा आवाज बदलतो.

‘मढवी मॅडम, पहिलंच ना? मग हे घ्या,
दांडीखाली लोंबणारं. पोरंसुद्धा फेकतात, गुंतत नाही.’
मला दांडीवर बसणारं हवं होतं.
का, ते धड सांगता येईना.
म्हटलं, त्याला अंगठा लागतो म्हणून.

त्यानं माझ्या अंगठ्याकडे बघितलं.
बावीस वर्षं एनएमएमटीत,
त्यातली पहिली अकरा कागदी तिकिटांची.
गड्डीवर अंगठा, न बघता,
एकच सुटावं, दोन नकोत,
गाडी उरण फाट्याला वळत असताना.
मग मशीन आलं. ते कुरकुरतं नि कागद थुंकतं.
तेव्हापासून अंगठा बिनकामाचा.

काचेवर चार रिळं मांडली त्यानं.
एक निळं, चकचकीत, अकरा हजारांचं.
‘हे नको,’ तोच म्हणाला, ‘याला घाई फार.
मूठ एकदा फिरवा, आत आठ वेढे.
जिताडा बघत बसतो आधी,
तुम्ही आमिष त्याच्या नाकासमोरून पळवून न्याल.’

मग म्हणाला, ‘थांबा, डावखुऱ्या ना तुम्ही?’
आणि शिडी लावून माळ्यावर चढला.
डाव्या मुठीचं रीळ, धूळ पुसून,
कौतुकानं माझ्या हातात.
मी हवेतच फेकून पाहिलं.
नाही.
फेकणार डाव्यानं,
गुंडाळायला मोकळा उरतो तो उजवा.

‘म्हणजे तुम्हाला साधंच लागेल की!’
तो शिडीला टेकून हसायला लागला.
‘उजवे लोक फेकून झाल्यावर हात बदलतात, दर वेळी.
तुम्हाला तेवढंही नको.’
मला कात्र्या आठवल्या,
शाळेतला हाताचा बाक, पंगतीत शेजारणीला लागणारं कोपर.
सगळ्यांसाठी केलेली एक वस्तू
चुकून माझ्या मापाची निघाली होती.
चोवीसशे रुपये. मी घासाघीस केली नाही.

दांडी साडेसहा फुटी, मध्यमहून थोडी जड.
एकसंध चांगली, म्हणाला, जोड नाही, ठोका थेट मनगटात येतो.
एकसंध? माझ्याच बसमध्ये
मलाच लगेजचं तिकीट फाडावं लागेल.
दोन तुकड्यांची घेतली.

घुंडी त्यानं तिथेच शिकवली.
आमिष सोडायचं, ते फरशीला टेकलं
की ढोलही थांबला पाहिजे.
ते टेकलं. ढोल थांबला नाही.
‘अजून आवळा,’ म्हणाला, ‘पहिला महिना लाजायचं नाही.’

दिवाळ्याच्या जेट्टीवर अष्टमीचं भांग,
पाणी सुस्त, तिवरांत बगळे.
इथेच बापाचा पाग सुटायचा,
एक शिसं दातात, बाकीचं कोपरावर,
आणि मग पाण्यावर परातीएवढा गोल.
भावाला विचारलं होतं त्यानं, फेकतोस का.
भावाला चिखलाची किळस.
मी टोपली धरून उभी होते.

पहिली फेक.
आमिष गेलं बरं, मग पाण्यावर पडलं,
आणि अंगठा एक क्षण उशिरा आला.
ढोल एकटाच फिरत राहिला,
दोरा वर, खाली, स्वतःतच,
सुगरणीनं घाईत विणावं तसा.

दिव्याखाली बसले. नखानं एक फास,
मग त्याच्या आतला.
ओहोटी सरली, डास सुरू झाले.
होडी बांधून वर आलेला एक पोरगा वाकला,
‘काय गावलाय गो मावशे?’
‘अजून टोकच गावत नाय.’
तो बसला शेजारी. मोबाइलचा उजेड धरला.

साडेनवाला दोरा सुटला.
अंगठ्यावर बारीक लाल रेघ,
उद्या सकाळची पाळी.
म्हटलं, एक अजून. एकच.