परतीचा बर्फ

काळीज मागितलं की इद्रिसभाई यकृत द्यायचे.
दोनदा फसलो, मग 'दिल' म्हणायला शिकलो.
देवनारहून परळपर्यंत मांडीवर स्टीलचा डबा,
आत बोकडांची सहा हृदयं.
टॅक्सीवाला विचारायचा, मटण का, डॉक्टर?
मी हो म्हणायचो.

डॉ. इंदुमती विजयकर खिडकीपाशी बसलेल्या,
पुढ्यात बर्फाचं घमेलं.
"अलिंद जोड. उसव. पुन्हा जोड."
अकराव्यांदा उसवताना बोटांना कळलं
की सुई ढकलायची नसते,
मनगट वळलं की ती आपल्या वाटेनं जाते.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
शिपायाला चहा सांगताना
त्या दिवशी दोन सांगितले.

सतरा वर्षं त्या व्याख्यात्याच होत्या.
बढतीची फाईल महापालिकेच्या कुठल्या कपाटात आहे
हे फक्त तिथल्या झुरळांना ठाऊक.
परदेशी नियतकालिकानं निबंध परत धाडला,
शेरा: रुग्णसंख्या अपुरी.
खाली मॅडमची पेन्सिल:
तीन. तिघांचीही नावं मला पाठ आहेत.

मग ती नाशिकची रात्र.
बावीस वर्षांचा मुलगा, मेंदू थांबलेला.
वडिलांनी सही केली होती,
तारीख घालायचं विसरले होते.
इकडे परळला अग्नेलो डाबरे, वसईचा,
तीन पायऱ्यांना दोनदा थांबणारा,
छाती साफ करून, नखं कापून तयार.
कसाऱ्यापासून शीवपर्यंत
नाक्यानाक्यावर पोलीस.

छाती उघडली. मॅडमनी फुप्फुसं फुगवायला सांगितली,
मग नळी सोडायला.
उजवं शहाण्यासारखं बसलं.
डावीकडचा खालचा खंड बसेना,
हाताखाली ओल्या कणकेसारखा.
पुन्हा फुगवा, म्हणाल्या. पुन्हा सोडा.
यकृतवाले, मूत्रपिंडवाले
आपापल्या पाळीची वाट बघत भिंतीला टेकलेले.
मी घड्याळाकडे बघत होतो.
त्या बघत नव्हत्या.
हात तसाच आत, जणू झोपलेल्या पोराचा ताप बघताहेत.

"नको."

परळला फोन त्यांनी स्वतः लावला:
भूल देऊ नका त्याला.
नंतर मुलाच्या पायाशी थांबल्या क्षणभर,
चादर नीट केली, जी नीटच होती.

बर्फ गेला तसा परत निघाला.
सायरन बंद. पडघ्याच्या टोलला
इतर गाड्यांसारखी रांग धरली.
मला विचारायचं होतं, एका खंडासाठी?
उरलेले चार तर चांगले होते!
विचारलं नाही.
भिवंडीच्या अलीकडे त्याच म्हणाल्या,
"त्याची बायको बाकावर बसली असेल.
आधी तिला सांगू. डीन नंतर."

शीवला एक हवालदार रस्ता अडवून उभा होता,
मागे दुधाचे टेम्पो, पेपरवाले, हॉर्न.
त्याला कुणी कळवलंच नव्हतं.
आम्हाला बघून त्यानं कडक सलाम ठोकला.
मॅडमनी काच खाली केली.
"जाऊ द्या हो त्यांना," म्हणाल्या,
"दूध नासेल."

परळला उतरून त्यांनी पेटीतला बर्फ
अनंताच्या आळ्यात ओतला.

एक्केचाळिसाव्या दिवशी दुसरा फोन आला.
अग्नेलो होता तोवर.
नसताही.
हे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा
ते 'होता' एवढंच टिपून घेतात.

आता खुर्ची माझी. निबंध चौऱ्याऐंशी,
यशाचं प्रमाण दशांशासकट तोंडपाठ.
त्या रात्रीला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही,
मी दोनदा शोधला.

आज सकाळी श्रावस्ती कांबळे, पहिल्या वर्षाची,
देवनारहून आली, दमलेली, खूश.
डबा उघडला: यकृत.
तिचा चेहरा पडला.
म्हटलं, बस.
उद्याही फसशील.