सातवं टेबल

गुरुवारी मी बाहेर जेवतो.
चौकोनी रेघांची वही, दोन पेन्सिली
आणि मत.
मत घरूनच घेऊन निघावं लागतं,
हॉटेलात ते फक्त गरम करून मिळतं.

एकतीस वर्षं या सेगेद गावात
पाण्याचे मीटर वाचले मी,
लोकांच्या तळघरांत गुडघ्यांवर बसून, बॅटरी दातांत धरून.
एकदाही कुणी विचारलं नाही,
‘कोचिश, तुला काय वाटतं?’
आता निवृत्त झालोय
आणि मला पुष्कळ वाटतं.

उदाहरणार्थ, माशाचं सूप.
लाल असावं, लालबुंद नसावं.
कार्पच्या तुकडीला चमचा लागला
की तिनं काट्यापासून आपण होऊन सुटावं,
ओढाताण झाली की समजा
मासा सोमवारचा आहे.
ब्रेड फुकट देतात, म्हणजे कालचा.
काकडीचं लोणचं एतेल्काबाई घालतात तोवर ठीक,
त्यांच्या सुनेनं घातलं की नुसतं व्हिनेगर बोलतं.
मेनूकार्डावर पदार्थांचे फोटो असतील
तर मी कोट न काढताच परत फिरतो.

आता संगीत.
जेवताना वाजतं ते मिठासारखं असावं,
असं शहाणे लोक म्हणतात.
मीठ विरघळतं हो.
देझो बालोग विरघळत नाही.
मुदपाकखान्याच्या दाराशी, जाण्यायेण्याच्या ऐन वाटेवर
तो त्याचं सिंबालोम मांडून बसतो,
चौघांच्या टेबलाएवढं धूड, पोटभर तारा,
हातात कापूस गुंडाळलेल्या दोन काठ्या.
ताटं घेऊन निघालेला वेटर
त्याच्या कोपराला वळसा घालतो
आणि दर वेळी थोडं सूप बशीत सांडतं.
(हे गुण मी सुपाचे कापावेत की सिंबालोमचे,
याचा निकाल अजून लागलेला नाही.)
हात हलका आहे, मान्य.
लय धरतो, सोडतो, पुन्हा अचूक पकडतो.
पण वरच्या अंगाची एक तार
मार्च महिन्यापासून उतरलेली आहे.
केसभरच.
मी तीनदा लिहिलं.
वहीत लिहिलं, म्हणजे तोंडावर सांगितल्यासारखंच.
सूप साडेसात, सिंबालोम सहा.
सहाच्या वर मी जाणार नव्हतो.

मागच्या गुरुवारी तो सिगारेट ओढायला बाहेर गेला.
सिंबालोमच्या कडेला वही. चौकोनी रेघांची.
दुसऱ्याकडचे आकडे वाचायचे नाहीत
हे मला या वयात कसं जमावं?

‘टेबल चार. भांडून आलेले. संथ वाजवलं.
गोड एकच मागवलं, चमचे दोन.

टेबल नऊ. प्रवासी. टाळ्या जोरात, समेच्या अलीकडे.

टेबल अकरा. बाई एकटी. रडेल वाटलं, नाही रडली,
बदकाची तंगडी संपवली. शाबास.

टेबल सात. मीटरवाला.
टाळी देत नाही. पायाचा ठेका बरोबर.
उतरलेली तार आली की मान वर करतो.
सगळ्या खानावळीत एकटा तोच.
म्हणून लावत नाही.’

मी वही होती तशी ठेवली.
खुर्चीवर येऊन बसलो.
चमचा धरला, पण कशासाठी धरला ते आठवेना.
देझो आला, धुराचा वास आला,
काठ्या तारांवर उतरल्या.
मी ठरवलं, आज मान वर करायची नाही.
सुपात बघायचं.
सुपात तेलाचे लाल ठिपके फिरत होते,
एकाला दुसरा चिकटत होता,
आणि ती तार आली.

आता काय सांगू.
मानेला मताशी काही घेणंदेणं नसतं.
तो माझ्याकडे बघत नव्हता,
बघायची गरजच नव्हती त्याला.

त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे:
सूप गार. चूक माझी.
सिंबालोमपुढे जागा कोरी, पेन्सिलीचा एक ठिपका,
टोक टेकवून उचलल्यासारखा.
ब्रेड मात्र कालचाच.